हळू बोला म्हटलं होतं

लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आले तेव्हा पहिल्या दिवशीच लक्षात आलं की या घरात कुणी हळू बोलत नाही. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, तरुणपणापासून त्या गिरणीवर उभे. आधी तेलाचं इंजिन होतं, नंतर विजेची मोटर आली, पण तोवर आबांचे कान बरेचसे गेले होते. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर त्यांना ऐकू यायचं, आणि ते स्वतः बोलायचे तेव्हा गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. त्यांच्याशी बोलून बोलून सासूबाईंचा आवाज चढला होता, माझ्या नवऱ्याचाही. दळण घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा ओट्यावर पाय ठेवला की ओरडूनच बोलायच्या. मी शाळेत शिकवते, माझाही आवाज काही लहान नाही. मला ते घर आवडलं. रुसवेफुगवे सगळे मोठ्यानं व्हायचे आणि तितक्याच लवकर संपायचे.

माझी शाळा तळोद्याच्या पलीकडे. रोज बसनं जायचं, बस चुकली तर जीपनं. दिवस गेल्यावरही मी जात राहिले. सातव्या महिन्यात पाय सुजायला लागले, रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरबाईंनी आता घरी पडून राहा असं सांगितलं. मी म्हटलं, मुलांची परीक्षा होऊ दे, मग रजा टाकते. घरच्यांनी फार आग्रह केला नाही, कारण मी कुणाचं ऐकणारी नव्हते. परीक्षा चालू असताना एका दुपारी डोकं इतकं दुखायला लागलं की फळ्यावरचं दिसेना. तिथून मला थेट नंदुरबारला नेलं आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगा बाहेर काढला. मी त्याला पाहिलं ते दुसऱ्या दिवशी. नवऱ्यानं आधीच सांगितलं होतं की त्याला काचेत ठेवलंय. तरीही पेटीत पाहिल्यावर मला ते बाळ वाटलं नाही. कातडीखाली शिरा दिसत होत्या. नाकात नळी, तोंडात नळी, पायाला लाल दिवा बांधलेला.

मी घरी पडून राहिले असते तर हे टळलं असतं का, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचं रक्तदाबाचं दुखणं असं होतं की विश्रांती घेऊनही कदाचित हेच झालं असतं. त्यांनी ते मला धीर यावा म्हणून म्हटलं होतं. मी मात्र तो एकच शब्द, कदाचित, घेऊन बसले.

अतिदक्षता विभागात शांतता असेल असं मला वाटलं होतं. तशी ती नव्हती. कुठलं ना कुठलं यंत्र सारखं वाजायचं. औषधांच्या गाड्याची चाकं करकरायची, कचऱ्याच्या डब्याचं झाकण धाडकन पडायचं, दाराबाहेर नातेवाईक फोनवर बोलायचे. तिथल्या मुख्य सिस्टर नवापूरकडच्या होत्या, उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्या हे आवाज एकेक करून कमी करायच्या मागे लागलेल्या होत्या. त्यांनी डब्याच्या झाकणाला कापड चिकटवलं होतं, खणांच्या कडांना रबर लावलं होतं. फोन बाहेर टोपलीत ठेवल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत. दुपारी काही वेळ दिवे मंद करून पेट्यांवर जाड गोधडीसारखी कापडं टाकायच्या आणि त्या वेळात डॉक्टरांनासुद्धा गप्पा मारू देत नसत. आईच्या पोटात बाळाला जे ऐकू येतं ते पाण्यातून येतं, त्यांनी मला समजावलं. वेळेआधी आलेल्या बाळावर आवाज एकदम उघडाच आदळतो. ते दचकतं, श्वास विसरतं, आणि वाढायला लागणारी शक्ती दचकण्यातच घालवतं.

हे मी ऐकलं, पण मला ते कळलं नव्हतं. कळलं ते माझ्या हातून वाटी वाजली तेव्हा. मी दूध काढून स्टीलच्या वाटीत आणायचे आणि सिस्टर ते नळीतून त्याला द्यायच्या. त्या दिवशी सिस्टर दुसऱ्या पेटीजवळ होत्या म्हणून मी वाटी क्षणभर आमच्या पेटीवर टेकवली. आपटली नाही, नुसती टेकवली. आत त्याचे दोन्ही हात फेकल्यासारखे वर गेले, बोटं ताणली गेली, तोंड रडल्यासारखं वाकडं झालं, पण नळीमुळे आवाज निघाला नाही. वर पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा खाली येऊ लागला. सिस्टर आल्या, त्यांनी आधी वाटी उचलली, मग आत हात घालून एक तळवा त्याच्या डोक्यावर आणि एक पायांवर ठेवून तो शांत होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मला रागावल्या नाहीत. पाण्याच्या रिकाम्या टाकीत आपण बसलोय आणि वरून कुणी दगड मारला तर कसं वाटेल, एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आबांचं झालं. नातवाला पाहायचं म्हणून ते रोज नवऱ्याबरोबर नंदुरबारला यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसून परत जायचे. मला ते बघवेना. मीच सिस्टरच्या मागे लागले की म्हाताऱ्या माणसाला एकदा काचेतून बघू द्या, बोलणार नाहीत ते. सिस्टरनी मनाविरुद्ध हो म्हटलं. आबांना मी खुणा करून करून बजावलं होतं. त्यांनी हात धुतले, हिरवा झगा घातला, टोपी काढून ठेवली, माझ्या मागे चवड्यांवर चालत आले. पेटीजवळ आले, वाकले, आणि त्या एवढ्याशा जिवाला पाहून त्यांना सगळ्याचा विसर पडला. काचेवर बोटाच्या पेरानं टकटक करून ते म्हणाले,

"कसा शे रे मन्हा वाघ?"

गिरणीवर बोलायचे त्याच आवाजात म्हणाले. खोलीतली सगळी माणसं वळली. आमच्या बाळाचा रंग डोळ्यांदेखत निळसर झाला, यंत्र वाजायला लागलं, सिस्टर धावत आल्या, डॉक्टर आले. कुणीतरी आबांना दंडाला धरून बाहेर नेलं. यंत्र का वाजतंय ते त्यांना कळलं नव्हतं, कारण ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं. बाळ थोड्या वेळात सावरलं. आबा बाहेरच्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता पुढे गेले. त्यांना आत आणा म्हणणारी मीच होते, पण त्या वेळी मला माझा राग ठेवायला दुसरं कुणीतरी हवं होतं.

त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. सिस्टर बाळाला माझ्या छातीशी उघडं बांधून द्यायच्या, वरून कापड, आणि मी तासन्‌तास तशी बसायचे. तो माझ्या कातडीवर उबेला पडलेला असायचा. मी श्वाससुद्धा मोजून घ्यायचे. खोकला आला तर गिळायचे. सिस्टर म्हणायच्या, हळू बोललात तर चालेल हं ताई. मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, माझ्यामुळे लवकर आला, माझ्या वाटीनं दचकला, माझ्या हट्टानं निळा पडला. आता माझ्याकडून त्याला काही नको.

शेजारच्या खुर्चीवर धडगावकडची एक बाई तिच्या मुलीला असंच छातीशी घेऊन बसायची. माझ्यापेक्षा बरीच लहान. ती पावरी बोलायची, मला पावरी येत नव्हती, तिला मराठी जेमतेम. आमचं बोलणं हसण्यावरच चालायचं. ती मुलीला घेतलं की हनुवटी छातीला टेकवून काहीतरी गुणगुणायची. शब्द होते की नुसताच सूर, ते शेजारी बसूनही मला नीट ऐकू यायचं नाही, इतकं ते बारीक होतं. तरीही एका दुपारी, सिस्टर खोलीत नसताना, मी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. शाळेत वर्गात ठेवते तसंच. ती लगेच गप्प झाली. तिला वाटलं असणार की ही शिकलेली बाई आहे, हिला माहीत असेल. नंतर ती कधी गुणगुणली नाही. आमच्या आधी तिला सुट्टी मिळाली. जाताना तिनं कापडात गुंडाळलेली मुलगी मला दाखवली आणि हसून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, पुरती शिकले असं सांगितल्यासारखं. मीही हसले. मला तेव्हा ते चांगलंच वाटलं होतं.

मग आम्ही घरी आलो. बाळ अजून हलकंच होतं, पण दूध स्वतः ओढत होतं. मी उंबरा ओलांडायच्या आधी गिरणी बंद करायला लावली. आबांनी एका शब्दानंही विचारलं नाही, पट्टा काढून ठेवला. गावातल्या बायका दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला जाऊ लागल्या. मी कुकर लावू देईना, सासूबाई भात पातेल्यात शिजवू लागल्या. भांडी फडक्यावर ठेवायची, दाराच्या कड्यांना चिंध्या बांधायच्या, टीव्ही नुसता बघायचा. बाळ बघायला आलेल्या शेजारणींना मी ओट्यावरूनच परत पाठवलं. सासूबाई माझ्याशी खुणांनी बोलायला लागल्या. त्यांना माझी भीती वाटायची, हे मला दिसत होतं आणि मला ते सोयीचं होतं.

आबा काही दिवस घरात चवड्यांवरच वावरले. पण त्यांच्या तोंडून शब्द निघाला की बाळ झोपेत दचकायचं. एकदा पाळण्यापासून लांब उभं राहून त्यांनी नुसतं पाणी मागितलं आणि बाळ किंचाळून उठलं. मी त्याला उचलून आतल्या खोलीत नेलं, परत आले, आबांच्या समोर उभी राहिले आणि त्यांना कळावं म्हणून तोंड मोठं उघडून, आवाज न काढता म्हटलं, तुमच्या आवाजानं त्याला त्रास होतो. त्यांनी माझे ओठ वाचले. मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते शेतातल्या खोलीवर राहायला गेले. नवऱ्यानं गावात सांगितलं की पपई तोडणीला आलीय, राखण लागते. डबा रोज जायचा, रिकामा परत यायचा. सासूबाई कधीकधी डबा घेऊन स्वतः जायच्या आणि बराच वेळ यायच्या नाहीत. तिकडे त्या दोघांना मोकळेपणानं बोलता येत असेल.

बाळ फार शांत होतं. मी त्याला न बोलता न्हाऊ घालायचे, न बोलता दूध पाजायचे. ओट्यापर्यंत येईल तो म्हणायचा, किती शहाणं बाळ आहे.

दवाखान्यानं तपासणीला बोलावलं होतं. वेळेआधी जन्मलेल्या मुलांचे कान आणि डोळे पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. कान तपासणाऱ्या मॅडमनी त्याच्या कानात बारीक बोंडी घातली, यंत्राकडे बघितलं, बोंडी बदलून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, एका बाजूचं नीट येत नाहीये. एवढ्यावरून काही ठरत नाही, कानात मळ असू शकतो, मूल हललेलं असू शकतं, थोड्या दिवसांनी परत करू. त्यांनी विचारलं, घरी आवाज झाला तर दचकतो का? आवाजाकडे मान वळवतो का? कुणी बोललं की दूध पिताना थांबतो का?

मी म्हटलं, "आधी दचकायचा. आता आमच्याकडे आवाज होतच नाही."

हे मी अभिमानानं म्हटलं होतं. मॅडमना नीट समजलं नाही, म्हणून मी गिरणीचं सांगितलं, कुकरचं सांगितलं, मी त्याच्याशी कधीच बोलत नाही तेही सांगितलं. मुख्य सिस्टर वजनाच्या काट्याजवळ उभ्या होत्या. त्या सगळं सोडून माझ्याजवळ आल्या.

"ताई, हळू बोला म्हटलं होतं मी. बोलू नका असं कधी म्हटलं?"

मग त्यांनी मला बाकावर बसवून सगळं पुन्हा सांगितलं. आदळआपट, यंत्रांचा सततचा गोंगाट, एकदम येणारे मोठे आवाज, हे त्याला नको. गिरणी घरात नकोच, तिथे तुमचं बरोबर होतं. पण आईचा आवाज तो पोटात असल्यापासून ओळखतो, आणि घरातल्या माणसांचं साधं बोलणं ऐकूनच तो बोलणं शिकणार. आता तो काचेतलं बाळ राहिला नाही. एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या की मी तुमच्याकडे तेव्हाच जास्त लक्ष द्यायला हवं होतं, तुम्ही इतक्या चांगल्या गप्प बसायच्या की आम्हाला सगळ्यांना तुमचं कौतुक होतं.

मला त्या धडगावच्या बाईची आठवण झाली. ती मुलीला घेऊन तपासणीला येते का, विचारलं. सिस्टर म्हणाल्या, यायला सांगितलं होतं, आलेली नाही. फोन लावला तर लागत नाही, त्या पाड्यावर रेंज नसते. मी त्यांना माझ्या बोटाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तिकडच्या आशाताईंकडून निरोप पाठवते म्हणाल्या, आणि पाठवलाही असेल. तो पोचला की नाही, ती पुन्हा गुणगुणायला लागली की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. एकदा नवऱ्याला म्हटलं, आपण जाऊन बघू या. पण ना तिचं गाव ठाऊक होतं, ना घर. त्या डोंगरात कुठे विचारत फिरणार.

त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना गाडी मी गावाबाहेरच थांबवायला लावली. बाळ सासूबाईंच्या मांडीवर होतं. मी एकटी शेतात गेले. पपईची तोडणी चालली होती, मजूर बायका फळं कागदात गुंडाळत होत्या. आबा खोलीच्या सावलीत बाजेवर बसले होते. मला पाहून उठायला लागले. मला हळूच, त्यांच्यापुरतं बोलायचं होतं. पण त्यांना हळू बोललेलं कुठे ऐकू येणार. त्यामुळे सगळ्या मजुरांसमोर मला ओरडूनच सांगावं लागलं की आबा, मन्हं चुकनं, डॉक्टरनी सांगं त्यानासंगे बोलनं पडी, घर चाला. बायकांचे हात थांबले. आबांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं, आणखी मोठ्यानं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच मोठा आवाज काढला होता, घसा फाटल्यासारखा झाला.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले,

"मन्हा आवाज मालेच आयकू येस नही, बेटा. मी हळू बोलनू का जोरमा, माले कसं समजी?"

त्यात तक्रार नव्हती. खरंच विचारत होते ते. मी म्हटलं, मी खूण करीन. ते माझ्याबरोबर आले.

त्या संध्याकाळपासून मी बाळाशी बोलायला लागले. सुरुवातीला काय बोलावं तेच सुचेना. वर्गात दिवसभर बोलणारी मी, पोटच्या मुलासमोर अडखळायचे. मग पाढे म्हटले, बाराखडी म्हटली, भाजीत काय घातलं ते सांगितलं. तो टक लावून बघायचा. सासूबाईंनी पुन्हा कुकर लावला, तेव्हा पहिल्या शिट्टीला मीच दचकले. काही दिवसांनी परत तपासणी झाली आणि दोन्ही कान ठीक निघाले. मॅडम म्हणाल्या, पहिल्या खेपेला मळच असावा. घरी येताना नवऱ्यानं शहाद्याला गाडी थांबवून पेढे घेतले आणि दुकानासमोरच रडला. त्याला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. इतके दिवस त्यानंही ते माझ्यासारखंच आवाज न करता सोसलं असेल, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

गिरणी आता गावाच्या वेशीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आहे. आबा सकाळी तिथे जातात आणि पूर्वीसारखेच बोलतात, लांबून येतानाच ऐकू येतं. घरात शिरताना मात्र चप्पल काढून ठेवावी तसा आवाज बाहेर काढून ठेवतात. माझा मुलगा अंगणवाडीत जातो. त्याचा आवाज या घराला शोभेल असा आहे. तो आबांच्या मांडीवर चढतो, कानाशी तोंड नेऊन ओरडतो, आणि आबा त्याला गोष्ट सांगतात. त्यांना वाटतं आपण हळू बोलतोय. पुष्कळदा आवाज निघतच नाही, नुसते ओठ हलतात. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, मग कंटाळून उतरतो आणि मला येऊन सांगतो की आबांची गोष्ट ऐकू येत नाही.

मी खूण करीन म्हटलं होतं, ती मी रोज करते. तळवा वर उचलते, मोठ्यानं बोला, आणखी मोठ्यानं. आबा माझ्या हाताकडे बघतात आणि हो म्हणून मान डोलावतात. मग तितक्याच जपून, नुसते ओठ हलवत, पुढचं वाक्य सांगू लागतात.